आरशाच्या कपाटातला धूर

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील समस्त मांसाहारी, मत्स्याहारी आणि चोरून-आहारी बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मांस कोळशावर भाजावे की धुरात टांगावे, या प्रश्नाचा अंतिम निकाल वडगाव निंबाळकर येथे, आमच्या चुलत्यांच्या अंगणात, नव्वदच्या दशकातच लागलेला आहे. या निकालावर अपील नाही. ज्यांना तरीही अपील करायचे असेल त्यांनी आधी जेवून यावे. उपाशी माणसाची साक्ष या बाबतीत ग्राह्य धरली जात नाही.

निकाल देणारे न्यायमूर्ती म्हणजे माझे थोरले चुलते. सगळं गाव त्यांना आगवाले तात्या म्हणायचं. त्यांना भुवया नव्हत्या. हे मी पहिल्यांदा सांगतो, कारण त्यांना पाहणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा तेच दिसायचं आणि पुढची पाच मिनिटं दुसरं काही दिसायचंच नाही. भुवया नसलेल्या माणसाच्या तोंडावरून काही म्हणता काही कळत नाही. त्याला राग आलाय, गंमत वाटतेय की डास चावलाय, याचा अंदाज बांधत समोरच्यानं उभं राहायचं. तात्या त्याचा पुरेपूर फायदा घ्यायचे. त्यांनी उभी हयात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनात कोळसा टाकण्यात घालवली होती. भट्टीचं दार उघडलं की जी झळ यायची, तिनं एक एक करत सगळे केस नेले. कुणी कीव केली तर म्हणायचे, "भुवया मी इंजिनाला दिल्या, इंजिनानं मला पेन्शन दिली. कुनाचंच नुकसान न्हाय."

मग वाफेची इंजिनं बंद झाली. दौंडच्या शेडमध्ये डिझेलची आली. साहेबांनी तात्यांना बोलावून सांगितलं, की तुमची सोय नव्या इंजिनावर करतो, साफसफाईचं हलकं काम आहे, उरलेली नोकरी सुखात काढा. तात्या त्या नव्या इंजिनाभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "साहेब, ह्याला तोंडच न्हाय. ज्याला तोंड न्हाय त्याला मी काय भरवू?" आणि घरी निघून आले. बारामतीच्या गाडीत बसून, डब्यात, उतारूंसारखे. मोठीआई, म्हणजे आमची चुलती, सांगायची की त्या दिवशी घरात आल्यावर ते पहिल्यांदा चुलीपुढं जाऊन बसले आणि तिच्या हातातली फुंकणी काढून घेतली.

पेन्शनीतला माणूस पेपर वाचतो. तात्या धूर वाचायचे. सकाळी अंगणात बाज टाकून वस्तीवरच्या एकेका छपराकडं बघत बसायचे आणि तिथूनच निकाल ओरडायचे. "धोंड्याच्या घरी ओली बाभळ घातलीय. आज भाकरी कच्ची!" "ह्ये कोन रॉकेल वततंय चुलीत? सासू गावाला गेलेली दिसती!" सासू खरंच गावाला गेलेली असायची. बायका दारं लावून स्वयंपाक करू लागल्या, तरी धूर काही दार मानत नाही. साखर कारखान्याच्या चिमणीलाही त्यांनी सोडलं नाही. काळा लोट निघाला की म्हणायचे, "कुनीतरी घाईत भरवतंय. घाई केली की आग जेवत न्हाय, वकती." 

अशा माणसाच्या हाती रिकामा वेळ आणि लोखंडी कपाट, ही दोन्ही एकदम लागली, तेव्हा व्हायचं तेच झालं.

कपाट मोठीआईचं होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिनं हट्टानं घेतलेलं, हिरव्या रंगाचं, दारावर पुरुषभर उंचीचा आरसा असलेलं. त्याचा तळ गंजला होता एवढाच त्याचा गुन्हा. मोठीआई माहेरी गेली आणि परत आली, तर तिच्या साड्या ट्रंकेत, आणि कपाट अंगणात उभं. तळाला भोक, माथ्याला भोक, आत गज आणि गजाला आकडे. कपाटापासून थोडं दूर खड्डा खणून त्यात जाळ, आणि खड्ड्यापासून कपाटापर्यंत मोडक्या विहिरीवरचा पाइप जमिनीखालून पुरलेला. जाळ तिकडं, धूर इकडं. वाटेत धूर निवायचा आणि कपाटात शिरताना उन्हाळ्याच्या संध्याकाळसारखा ऊबदार होऊन यायचा. मोठीआईनं दार उघडून आत बघितलं आणि वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं बया! माज्या लग्नाच्या शालूच्या जागी वाम लोंबकळतीय!"

वाम म्हणजे सापासारखा लांब मासा. तात्या तो इंदापुराहून, उजनीच्या पाण्यावरनं आणायचे. एस.टी.त पिशवी मांडीवर घेऊन बसायचे, आणि शेजारच्या उतारूनं नाक मुरडलं की पिशवीला म्हणायचे, "बस गप. पाव्हण्यांस्नी सवय न्हाय."

पहिला घाणा पूर्ण वाया गेला. दोष कबूल करायला तात्या तयार नव्हते, पण मी ते मासे चाखलेत, त्यामुळं सांगू शकतो. कपाटाच्या आतला हिरवा ऑइलपेंट त्यांनी खरवडलाच नव्हता. माशाला नव्या दरवाज्याची चव आली होती. वस्तीवरच्या कुत्र्यानं तुकडा हुंगला, तात्यांकडं एकदा दुःखानं बघितलं आणि शेपूट घालून कालव्याकडं निघून गेलं. "कुत्रं माजलंय," तात्या म्हणाले. पण पुढचे कितीतरी दिवस ते कपाट रिकामंच पेटत ठेवलं होतं, आतला रंग जळून पत्रा काळा होईपर्यंत.

त्यानंतर मात्र त्या कपाटातनं जे बाहेर पडू लागलं, त्याला काय म्हणावं! गुऱ्हाळं सुरू झाली की तात्या तिथून उसाची वाळली चिपाडं आणायचे. बाभळीचा ओंडका धुमसत ठेवायचा आणि त्यावर चिपाडं सारत राहायचं. त्या धुराला गुळाच्या कढईच्या काठाचा वास यायचा. मासा, कोंबडी, बोकडाचं मांस, जे टांगाल ते मधाच्या रंगाचं व्हायचं आणि बोटानं सुटायचं. ऊब मोजायची तात्यांची स्वतःची रीत होती. आरशावर तळहात टेकवायचा आणि आपलं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असा पत्ता सावकाश म्हणायचा. जिल्हा यायच्या आत हात काढावा लागला तर ऊब जास्त, जिल्हा होऊनही हात गारच राहिला तर कमी. "महाराष्ट्रापतुर कुनी जायाचं न्हाय," अशी ताकीद होती. पाहुणा आला की तात्या त्यालाही हात टेकवायला लावायचे, त्यामुळं पाहुण्याची कुळकथा आपोआप कळायची.

आरसा त्यांनी काढला नाही. आरशाला काय धाड भरलीय, म्हणाले. त्यामुळं आत मांस शिजतंय आणि बाहेर माणसं भांग पाडतायत, असा देखावा रोज असायचा. शेजारचे पाटलांचे आबा, ज्यांच्या घरात अंड्यालासुद्धा बंदी होती, ते दर संध्याकाळी केस विंचरायला आमच्या चुलत्यांच्या अंगणात यायचे. आबांच्या डोक्यावर एकही केस नव्हता. तात्या काही न बोलता एक द्रोण पुढं करायचे, आबा आरशाकडं बघत बघत खायचे आणि मिशी पुसून म्हणायचे, "बरा बसला आज भांग."

आता प्रतिपक्षाकडं वळू. तात्यांचा मुलगा बाळू पुण्यात एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला होता. दिवाळीला आला तो टेम्पोच्या टपावर एक वस्तू बांधून. अर्ध्यात कापलेलं पिंप, त्याला चार पाय, वर लोखंडी जाळी. त्यानं कोळसे फुलवले, मसाल्यात मुरवलेली कोंबडी जाळीवर टाकली, आणि चर्रर्र असा जो आवाज झाला, त्यासरशी निम्मी वस्ती तात्यांचा पक्ष सोडून गेली. मी पण गेलो. मी तेव्हा बारामतीला कॉलेजात होतो आणि त्या वयात चर्रर्र आवाजापुढं तत्त्व टिकत नाही. तुकड्यांवर काळ्या पट्ट्या, कडा कुरकुरीत, वर लिंबू. तुकडा हातात पडेपर्यंत संपायचा.

तात्यांनी एक तुकडा घेतला. आम्ही सगळे भुवया शोधत होतो. त्यांनी तो पूर्ण चावून खाल्ला, हाड चोखलं आणि म्हणाले, "झ्याक हाय."

बाळू फुलला. "मग तात्या, द्या की ते कपाट भंगारात. ह्ये बघा, अर्ध्या तासात पंगत उठती. तुमच्या त्या धुरात सकाळी टांगलेलं संध्याकाळी उतरतंय. गिऱ्हाईक एवढी वाट बघत न्हाय."

"मग ते गिऱ्हाईक हाय बाळू. पाव्हणा न्हाय."

"पर चव तर हाय ना ह्याला?"

"हाय की. कोळशाचं म्हंजी कोर्टाच्या निकालासारखं. ठोकला हातोडा, संपलं. धुराचं खटल्यासारखं हाय. तारखा पडत्यात, माणूस दमतंय, पर तवर आतलं समदं भाईर येतं." मग आमच्याकडं, म्हणजे पक्ष बदललेल्यांकडं वळून म्हणाले, "खावा, खावा. कोळसा वाईट न्हाय. मी जलमभर त्यालाच भरवलं. पर दोन्हीतलं माझं कंचं, आसं इचारलं तर मी कपाटाकडं बोट दावनार. आन् बोट मोडलं तर दुसरं दावनार."

इथपर्यंत ही गंमत होती. हिला गंभीर वळण लागलं ते ताईच्या साखरपुड्यामुळं.

ताई, म्हणजे सुनंदा, माझी थोरली बहीण. बारामतीत एका दवाखान्यात नर्स होती. इंदापूरच्या एका प्राध्यापकांच्या घरून तिला मागणी आली, मुलगा ताईला आवडला, आणि साखरपुडा आमच्याकडं करायचा ठरलं. आमचं आणि तात्यांचं अंगण एकच. जेवण काय करायचं हे ठरवायला सगळे अंगणात बसले, आणि तात्यांनी जाहीर केलं, "धुराचं समदं माज्याकडं."

"नाही," माझे वडील म्हणाले.

आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तात्यांचे धाकटे भाऊ आणि प्राथमिक शाळेत शिक्षक. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, आणि सदऱ्याला कायम साबणाचा वास. तात्या त्यांना मास्तर म्हणत. तात्यांचं कपाट अंगणात पेटलं की दादा आपली खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेऊन ठेवायचे. त्या कपाटातला एकही तुकडा त्यांनी तोंडात घातला नव्हता. आमच्या घरात पंखा यायच्या आधी गॅस आला, तो दादांमुळं. आम्हाला वाटायचं, मास्तर माणूस, टापटिपीचा. कारण त्या दिवशी कळलं.

"बाळूच्या जाळीवर भाजा," दादा म्हणाले. "ती लोकांनी बघितलेली असते. नाहीतर सरळ श्रीखंड-पुरी करा. पण धुरात टांगलेलं मांस मी त्या माणसांपुढं मांडू देणार नाही. तुम्ही विसरलात तात्या. मी नाही विसरलो. आपल्या छपराला काय टांगलेलं असायचं?"

 वडीलधाऱ्यांना ठाऊक होतं आणि आम्हा पोरांना अर्धवट ठाऊक होतं. गावातलं मेलेलं ढोर ओढायचं काम आमच्या आज्यापणज्याच्या गळ्यात बांधलेलं होतं. त्या ढोराच्या मांसाच्या पट्ट्या वाळवून चुलीवरच्या आढ्याला टांगायच्या, त्यांना चान्या म्हणत. खाली चूल, वर त्या पट्ट्या, आणि सगळ्या घरात धूर.

"माझ्या सदऱ्याला तो वास यायचा," दादा म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. "मी वर्गात पाऊल टाकलं की पोरं नाक धरून ओरडायची, आलं बघा छप्पर. सगळ्यांच्या मागं, दाराशी बसायचो मी. एवढं करून शिकलो ते काय, माझ्या मुलीच्या साखरपुड्याला पुन्हा तेच छप्पर उभं करायला?"

 तात्या म्हणाले, "मास्तर, छप्पन साली धम्म घेतला तवा ढोर वढायचं पयलं कुनी सोडलं?"

"तुम्ही."

"माराय आल्ती गावातली. मी दोरी त्यांच्या पुढ्यात टाकली आन् म्हनलो, तुमचं ढोर, तुमीच वढा. खरं का खोटं?"

"खरं."

"मग आईक. मेलेलं ढोर त्यांनी दिल्तं. ते आपन त्यांच्या दारात टाकून आलो. धूर त्यांनी दिला न्हवता. धूर आईचा हाय. ढोर बंद झाल्यावर बी आई टांगायचीच की. कालव्याचं मासं टांगायची, बाजारात घेतलेल्या कोंबडीचं टांगायची. तिच्या हातात कसब होतं ते. त्यांनी आपल्याला लाज दिली, आन् तू तिच्यासंगं आईचं कसब बी टाकून दिलंस?"

"पाहुण्यांना हे सगळं समजावत बसणार का तुम्ही?"

"समजावायचं कशाला? ती काय इलायतेतनं येनार हायेत? त्यांच्या बी छपराला तेच हुतं. आता कोट घातला म्हून इसरली आसतील." तात्या उठले. "मी सांगून ठिवतो. सुनंदीच्या साखरपुड्याला धूर न्हाय, तर मी बी न्हाय."

दादाही उठले. "मग तुमच्याशिवाय होईल."

बोलून गेले आणि त्यांचे त्यांनाच ऐकू आल्यासारखे थबकले. पण शब्द सुटला होता. दोन्ही घरांची दारं लागली. ज्या अंगणात मीठ-मिरची न विचारता इकडून तिकडं जायची, तिथं माझी आई आणि मोठीआई एकमेकींकडं चोरून बघू लागल्या. कपाट गार पडलं. शेजारचे आबा दोन संध्याकाळी येऊन, आरशात बघून, तसेच परत गेले. बाळू बिचारा म्हणत होता, मी जाळी परत पुण्याला नेतो, पण भांडण जाळीचं नव्हतंच.

ताई सुट्टी घेऊन बारामतीहून आली ती पिशवी खाली न ठेवताच दादांपुढं उभी राहिली. ताई दवाखान्यात रोग्यांशी ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात म्हणाली, "दादा, तात्या नसतील तर मी साखरपुड्याच्या खुर्चीवर बसणार नाही. मग पाहुण्यांना साखर बाळूच्या जाळीवर भाजून द्या."

"सुनंदा, तुला कळत नाही. ती मोठी माणसं आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी नाक धरलं तर?"

"तर पहिल्याच दिवशी कळेल. ते बरं." ती आता खाली बसली. "मी त्या घरात जन्म काढायला चालले आहे. आपल्या घरात काय शिजतं ते लपवून गेले, तर मला जन्मभर लपवावं लागेल. तुम्ही लपवताय तसं. मला नाही जमणार."

दादा वहाणा घालून बाहेर गेले. कालव्याच्या कडेनं लांबवर चालत जाऊन परत आले आणि तात्यांच्या दाराशी उभे राहून, आत न जाता म्हणाले, "पेटवा तुमचं कपाट. पण मागच्या अंगाला न्या. पाहुण्यांना दिसता कामा नये. आणि कुणी विचारलं तर पुण्याच्या हॉटेलातनं आणलं म्हणायचं."

आतून तात्यांचा आवाज आला, "बरं."

इतकं निमूट 'बरं' तात्यांनी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. तिथंच दादांनी सावध व्हायला हवं होतं.

साखरपुड्याच्या दिवशी दादा पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेले. ते पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा मांडवाच्या तोंडाशी, बरोबर मधोमध, हिरवं कपाट उभं होतं. आदल्या दिवशीच तात्यांनी मला आणि बाळूला कामाला लावून पाइपासाठी नवा चर खणवला होता, आणि वर सतरंजी टाकून ठेवायला लावली होती. आरसा चकचकीत पुसलेला. कपाटाच्या माथ्यावरून धुराची बारीकशी रेघ वर चाललेली, लक्षात न येण्याजोगी. आता, पाच-पंचवीस बायका एस.टी.तून आणि जीपमधून धूळ खात इंदापुराहून आलेल्या. समोर पुरुषभर आरसा. कुठली बाई थांबणार नाही? होणाऱ्या सासूबाई सगळ्यांत पुढं. त्यांनी पदर सारखा केला, कपाळावरची बट मागं घेतली, कुंकवाच्या जागी टिकली नीट आहे ना ते बघायला आणखी जवळ गेल्या. आणि तात्यांनी दार उघडलं.

जो लोट बाहेर आला, त्यात वरपक्ष दिसेनासा झाला. पोरं खोकली, बायका किंचाळल्या, कुणीतरी "घर पेटलं" म्हणून ओरडलं. धूर विरला तसं एकेक दिसू लागलं. सासूबाई, त्यांची विस्कटलेली बट, आणि त्यांच्यासमोर ओळीनं लोंबकळणाऱ्या मधाच्या रंगाच्या वामी, कोंबड्या आणि बोकडाची अख्खी मांडी.

"हे काय आहे?" प्राध्यापकांनी विचारलं. उंच माणूस, करड्या रंगाचा कोट, टाय.

"हे... पुण्याहून, हॉटेलातून..." दादांनी सुरुवात केली.

"जय भीम, साहेब," तात्या मध्येच मोठ्यानं म्हणाले. "हाटेलातलं काय बी न्हाय. ह्ये आमच्या आईचं हाय. चुलीवर, आढ्याला टांगायची तसलं. ढोर गेलं, धूर ऱ्हायला. आमी ह्या धुरातली माणसं हाओत, आन् पोरगी बी ह्याच धुरातली हाय. जाळीवरचं बी हाय तिकडं, श्रीखंड बी हाय. पर आमी कोन ते हितं टांगलंय. पटत आसंल तर बसा."

कोळशावरच्या कोंबडीचं पाणी थेंबथेंब पडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. ताई दारात उभी होती, पांढरी फटक, पण मान ताठ. प्राध्यापक कपाटाकडं बघत होते. मग आढ्याकडं बघावं तसे वर, मांडवाच्या छताकडं बघत राहिले. दादांनी डोळे मिटून घेतले होते.

प्राध्यापकांनी कोट काढला. घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकला, टाय सैल करून त्यावर ठेवला, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. "वाढा," म्हणाले.

इथं मी जरा थांबतो. तात्या जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. एका हिवाळ्यात छातीत धरलं आणि आठवड्याभरात संपलं. मोठीआईनं ते कपाट नंतर कुणाला हात लावू दिलं नाही, आणि तीही गेल्यावर गंजानं पत्रा इतका खाल्ला होता की उचलताना हातात आला. बाळूचं पुण्याजवळ स्वतःचं हॉटेल आहे, तिथं जाळी पुढं आहे आणि मागच्या बाजूला विटांची धुराची खोली आहे. हल्ली आमच्या सोसायटीतले हौशी लोक गच्चीवर जमतात आणि कोळशाची शेगडी घ्यावी की बटणाची धुराची पेटी, यावर माझं मत विचारतात. मी त्यांना विचारतो, तुम्हाला माणसं लवकर घालवायची आहेत की बसवून ठेवायची आहेत? लोक हसतात. मी हसत नाही. तात्यांनी मला बोट दाखवायला शिकवलंय, आणि ते मी अजून खाली घेतलेलं नाही. कुणाला वाईट वाटलं तर वाटो.

पण मला तात्या आठवतात ते त्या दुपारचे. कपाटाशेजारी उभे, हातात सुरी, सदरा काळवंडलेला, आणि पंगत उठायचं नाव घेत नाही. श्रीखंडाचं पातेलं तसंच. बाळूची जाळी एका दमात रिकामी झाली आणि लोक पुन्हा कपाटाकडं वळले. सासूबाई बट कानामागं टाकून मोठीआईला विचारत होत्या, चिपाडं किती वाळवायची.  प्राध्यापक फक्त ताट पुढं करत होते, आणि तात्या सुरीनं एकेक तुकडा उतरवून त्यात घालत होते. मुलीच्या बापानं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, म्हणून दादा हातात पाण्याचा तांब्या घेऊन ओळीत फिरत होते. पाणी वाढता वाढता त्यांची नजर आकड्यांवर जात होती. एक आकडा रिकामा झाला, दुसरा झाला. मांडीचं हाड दिसू लागलं. शेवटची वाम तात्यांनी काढली, दोन तुकडे केले. एक ताटात गेला. प्राध्यापकांनी ताट मागं घेतलंच नाही. तात्यांनी दुसरा तुकडा उचलला.

दादा ओळीच्या मधोमध थांबले. तांब्यातलं पाणी कुणाच्या तरी ताटात, वरणात, सांडत होतं, त्याचं त्यांना भान नव्हतं. आणि सगळ्या वरपक्षासमोर, पांढऱ्या सदऱ्यातले आमचे मास्तर ओरडले:

"ए तात्या! समदं त्यांनाच घालतूस व्हय रं? मला ठीव की!"